गावातली पिठाची गिरणी

दगडांची जोडी, मोटर, पट्टा आणि तराजू एवढ्या सामग्रीवर पिठाची गिरणी उभी राहते. म्हणूनच पुष्कळ होतकरू माणसे या धंद्याकडे वळतात. परंतु धंदा उभा करणे आणि तो टिकविणे या दोन निराळ्या गोष्टी होत.

1934 साली गांधीजींच्या प्रेरणेने अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. वर्ध्याच्या मगनवाडीतून जे. सी. कुमारप्पा यांनी त्याचे कार्य चालविले. या मंडळींनी हातजात्याचा पुरस्कार केला, तो पीठ ताजे व सकस मिळावे आणि गावचा पैसा गावात राहावा म्हणून. पुढे जाते मागे पडले, स्त्रियांचे पहाटेचे कष्ट वाचले. याचे दुःख कोणी करू नये. मात्र ते दोन्ही हेतू छोटी गिरणी आजही साधू शकते.

गव्हाचे पीठ पिशव्यांत भरून दूरवर धाडता येते. ज्वारीचे तसे नाही. पीठ शिळे झाले की त्याची विरी जाते आणि भाकरी थापताना तुटते. बाजरीचे पीठ तर थोड्याच दिवसांत कडवट होते. तेव्हा ज्वारी, बाजरी आणि घरोघरची भाजणी हेच छोट्या गिरणीचे खरे बळ होय.

आता हिशेब पाहू. दहा अश्वशक्तीची मोटर पूर्ण भाराने तासभर चालली, तर निदान साडेसात युनिट वीज लागते. रिकामी फिरली तरी थोडी वीज जातेच. यास्तव दळणे जमवून ठरावीक वेळी गिरणी चालवावी. दर ठरविताना वीज, पट्ट्याची झीज, कर्जाचा हप्ता यांबरोबर स्वतःची मजुरीही धरावी. ती न धरल्याने नफ्याचा नुसता भास होतो. 2020 साली सुरू झालेल्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत 35 टक्के अनुदानाची तरतूद केली गेली. परंतु अनुदानाने गिरणी सुरू होते, चालते ती गिऱ्हाइकांवर.

दगडांना वेळच्या वेळी टाकी लावावी. बोथट दगडांनी पीठ तापते व वीजही अधिक खाते. पट्ट्याला जाळी अवश्य बसवावी. एखाद्या बाईचा पदर त्यात अडकला, तर प्राणावर बेतते. मिरचीसाठी यंत्र वेगळे ठेवावे.

आणि तराजू सर्वांसमोर असावा. घरची बाई डबा ठेवून निघून जाते, ती विश्वासाने. तिचे पीठ तिला पुरते आणि निर्भेळ परत मिळाले, तर तिचा डबा उद्याही याच गिरणीत येईल.