जोर लावला, नजर गेली

फर्दापूरजवळ अजिंठ्याच्या पायऱ्यांवर डोलीवाले माणसं खांद्यावर वाहून नेतात. असा जोर लावताना आपण नकळत श्वास कोंडतो, आणि माझ्या मते धोका ओझ्यापेक्षा त्या कोंडलेल्या श्वासात जास्त आहे. छातीतला दाब वाढला की डोक्याकडच्या शिरांत रक्त तुंबतं आणि क्वचित डोळ्याच्या पडद्यावरची एखादी केशवाहिनी फुटते. रक्त पडद्याच्या मध्याशी साचलं, तर दुखत नाही, डोळा बाहेरून लालही दिसत नाही; समोरच्याचा चेहरा मात्र डागाआड जातो. 1972 मध्ये थॉमस ड्युएन यांनी या विकाराचं वर्णन केलं. कुंथणं, जोराचा खोकला, उलटी यांनीही हे घडतं.

कुणी म्हणेल, जन्मभर ओझी उचलली, काही झालं नाही. खरंय, हा त्रास विरळाच. रक्त आपोआप जिरतं, मग दवाखाना कशाला, हे मात्र अर्धंच खरं. बहुतेकांचं ते काही आठवड्यांत, कधी महिन्यांत जिरतं. पण पडदा सुटला किंवा मधुमेहाने आत रक्तस्राव झाला, तरी नजर अशीच अचानक जाते, आणि तिथे उशीर परवडत नाही. फरक कळतो तो औषधाने बाहुली मोठी करून पडदा तपासल्यावरच. म्हणून श्रोतेहो, ओझं उचलताना श्वास सोडत राहा. आणि नजर अचानक गेलीच, तर घरी थेंब घालत बसू नका, त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाला डोळा दाखवा.