शिक्षा आणि दंड : उज्जैनच्या मराठी कानाने



पुण्याकडचे पाहुणे आले की आपण त्यांना महाकालाचे दर्शन घडवतो आणि मग अंकपाताला सांदीपनी आश्रमात नेतो. हिंदीत या जागेला श्रीकृष्णाची ‘शिक्षास्थली’ म्हणतात. ते ऐकून माझ्या मावसभावाने विचारले, “कृष्णाने इथे काय गुन्हा केला होता?” आम्ही सगळे हसलो.

‘शिक्ष्’ म्हणजे शिकणे. त्याचा संबंध ‘शक्’ धातूच्या इच्छादर्शक रूपाशी जोडतात. आपल्याला हे जमावे, अशी इच्छा. ‘शिक्षा’ हे सहा वेदांगांपैकी उच्चारशास्त्राचे नाव. यात मार नाही, तुरुंग नाही. मराठीत मात्र विद्येचा अर्थ ‘शिक्षण’ या शब्दाकडे गेला आणि ‘शिक्षा’ अपराध्याच्या वाट्याला आली. हे एकट्या मराठीत घडले असेही नाही. गुजराती, कन्नड, तेलुगू, मलयाळम या भाषांतही रुळलेला अर्थ हाच आहे. हिंदी, बंगाली, ओडियात शब्द विद्येपाशीच राहिला. म्हणजे आपण माळव्यातले मराठी लोक नेमके या दोन मुलखांच्या शिवेवर राहतो. घरात एक अर्थ, उंबरठ्याबाहेर दुसरा.

अर्थाचे हे सरकणे मला फारसे विचित्र वाटत नाही. ‘धडा शिकवीन’ ही धमकीच असते, आणि हिंदीतला ‘सबक सिखाना’ काही वेगळा नाही. ‘शास्’ धातूपासून शास्त्र आले, शिष्य आला, आणि ‘शासन’ही आले. आपण ‘महाराष्ट्र शासन’ म्हणतो आणि ‘त्याला कडक शासन व्हायला हवे’ असेही म्हणतो.

‘दंड’ म्हणजे मुळात काठी. मराठी व्यवहारात तिचे पैसे झाले. शिक्षा भोगायची, दंड भरायचा. हिंदीत ‘दंड’ हा व्यापक शब्द, पैशांचा असेल तर अर्थदंड किंवा जुर्माना. मराठीत हा जुना व्यापक अर्थ देहदंड, मृत्युदंड अशा समासांत टिकला, आणि 1860 च्या भारतीय दंड संहितेच्या नावातही. 1 जुलै 2024 पासून तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. नावातला दंड गेला, आतला आहेच. (न्यायालय दोन्ही गोष्टी ‘ठोठावते’. आपण दारही ठोठावतो. हा शब्द मला फार आवडतो.)

2009 च्या कायद्याला इथे ‘शिक्षा का अधिकार’ म्हणतात. मराठी कानाला ते मास्तरांच्या छडीचे परवानापत्र वाटेल. त्याच कायद्याचे कलम 17 मुलांना शारीरिक शिक्षा करायला मनाई करते.

आता ज्यासाठी हा विषय घेतला ते सांगतो. काही वर्षांपूर्वी माझ्या एका विद्यार्थिनीची आजी वारली. आजीनेच तिला मराठी अक्षरे गिरवायला लावली होती. शोकसभेत मुलगी धीर करून मराठीत बोलायला उभी राहिली आणि म्हणाली, “आजीने आम्हा सर्व नातवंडांना खूप शिक्षा दिली.” मागे कुणीतरी फिस्सकन हसले. मी पहिल्या रांगेत होतो. मी हळूच म्हटले, “शिकवण, बेटा, शिकवण.” ती थांबली, आणि उरलेले दोन मिनिटे हिंदीत बोलून खाली बसली. त्यानंतर ती माझ्याशी मराठीत बोललेली नाही.

मी सांगितले ते बरोबरच होते, हे आजही म्हणेन. प्रमाण मराठीत तिच्या वाक्याचा अर्थ भलताच होतो. पण त्या सभेत एकालाही तिचे म्हणणे कळले नाही, असे नव्हते. हसणाऱ्यालाही कळले होते. दुरुस्ती दुसऱ्या दिवशी, घरी जाऊन, चहा घेता घेता करता आली असती. ते मला सुचले नाही. तीस वर्षे उत्तरपत्रिका तपासण्याची सवय, दुसरे काय.

हल्ली निबंधात असे वाक्य आले तर मी लाल रेघ मारत नाही. समासात पेन्सिलीने ‘शिकवण’ लिहितो आणि गुण तसेच ठेवतो. न्यायालयीन कागदाचे भाषांतर असेल तर मात्र पूर्ण गुण कापतो. तिथे ‘दंड’ आणि ‘शिक्षा’ यांची गल्लत झाली, तर एखादा माणूस पैसे घेऊन कोर्टात जायचा आणि त्याला तुरुंगात जावे लागायचे.