लपलेल्या आगीची परीक्षा



पत्रिकेत माझ्या व्याख्यानाचा विषय ‘विमानातील अग्निशमन आणि पर्यावरण’ असा छापला आहे. संयोजकांनी ठरवलेला आहे, भारदस्त आहे, मला मान्य आहे. पण जे मला ओळखतात त्यांची दुसऱ्या रांगेत आत्तापासूनच कुजबुज सुरू झालेली दिसते. हा गृहस्थ कुठूनही निघाला तरी शेवटी चाचणीवरच येऊन थांबणार, हे त्यांना ठाऊक आहे. (हशा) आरोप मान्य. उभी हयात विमानांच्या देखभालीत गेली, त्यामुळे माझं एक मत पक्कं झालंय, ते आधीच सांगून टाकतो. शोध लावणाऱ्यांचे आपण पुतळे उभारतो. त्या शोधाची परीक्षा घेणाऱ्याचं नावही कुणी विचारत नाही. आजच्या गोष्टीत रसायनं पुष्कळ आहेत, रसायनशास्त्रज्ञही आहेत, पण माझ्या मते नायक आहे तो प्रश्नपत्रिका काढणारा.

ओझोनच्या थराबद्दल तुम्हाला काही सांगायला नको. मॉन्ट्रिअल करार, १६ सप्टेंबर १९८७, ओझोन दिन. तुमच्या नातवंडांनी शाळेसाठी तक्ते केले आहेत. म्हणजे रात्री जागून तुम्हीच केले आहेत. (हशा) त्या करारात फ्रिजमधल्या आणि स्प्रेमधल्या वायूंबरोबर आणखी एक मंडळी पकडली गेली. ती म्हणजे हॅलॉन.

विमानात प्रवाशांच्या डोक्यावरच्या कप्प्यात किंवा कर्मचाऱ्यांच्या खुर्चीजवळ एक छोटी लाल बाटली असते. आम्ही तिला बाटलीच म्हणतो. तिच्यात वर्षानुवर्षं हॅलॉन १२११ भरलेला असे, आणि अनेक विमानांत आजही आहे. या आकड्याची गंमत बघा. अमेरिकन लष्कराच्या अभियंत्यांनी ही पद्धत पाडली. रेणूत कार्बन एक, फ्लोरिन दोन, क्लोरिन एक, ब्रोमिन एक, म्हणून १२११. इंजिनासाठी आणि सामानाच्या कप्प्यासाठी त्याचा भाऊ, १३०१. त्यात क्लोरिन शून्य. आकडा वाचला की कुंडली कळली.

यातला कर्ता पुरुष ब्रोमिन. ज्वाळा म्हणजे एक साखळी असते. हायड्रोजनचे सुटे अणू आणि हायड्रॉक्सिलचे तुकडे एकमेकांना पेटवत पुढे जातात. ब्रोमिन त्यांना गाठून शांत करतो आणि स्वतः मोकळा होऊन पुढच्याला गाठायला निघतो. तो खर्ची पडत नाही, म्हणून थोडासाच पुरतो. आता हाच रेणू न वापरलेला, गळून वर गेला, की तिथेही तेच करतो. ओझोनचा एक रेणू मोडायचा, सुटायचं, पुढचा मोडायचा. ओझोनच्या बाबतीत ब्रोमिनचा एक अणू क्लोरिनच्या एका अणूपेक्षा साठ पटींच्या आसपास घातक आहे. ज्या गुणासाठी आपण त्याला विमानात घेतलं, त्याच गुणासाठी आकाशाने त्याला हाकललं.

विकसित देशांनी १ जानेवारी १९९४ पासून नवा हॅलॉन बनवणं थांबवलं. आपल्यासारख्या देशांना २०१० पर्यंत मुदत होती. पण वापरावर बंदी नव्हती. म्हणून विमानं जुन्या साठ्यातला, दुसरीकडून काढून शुद्ध केलेला हॅलॉन वापरत राहिली. शुद्ध केलेला, असं कागदावर. २००९ साली ब्रिटनमध्ये उघडकीला आलं की अशा पुनर्वापराच्या हॅलॉनमध्ये भेसळ होती आणि तो अनेक विमानांच्या बाटल्यांत जाऊन बसला होता. युरोपभर बाटल्या शोधून बदलायचे आदेश निघाले. बाटलीचं वजन बरोबर होतं, दाबाचा काटा हिरव्या पट्ट्यात होता. आत काय आहे ते मात्र कुणी तपासलं नव्हतं. ही चाचणीची गोष्ट मी मुद्दाम आणली नाही, ती आपणहून आली. (हशा)

मग साधा प्रश्न : दुसरं काहीतरी भरा की! पाणी भरा, कार्बन डायऑक्साइड भरा, पावडर भरा. इथे मला २ जून १९८३ कडे जावं लागेल.

एअर कॅनडाचं ७९७ क्रमांकाचं उड्डाण, डीसी-९ विमान, डलासहून टोरांटोमार्गे मॉन्ट्रिअलला निघालेलं. आत ४६ माणसं. मागच्या टॉयलेटच्या फ्लश मोटरचे सर्किट ब्रेकर पडले. कॅप्टनने वर करायचा प्रयत्न केला, ते राहिले नाहीत. काही मिनिटांनी मागच्या रांगेतल्या प्रवाशाला जळका वास आला. टॉयलेटचं दार उघडलं तर धूर. कर्मचाऱ्याने कार्बन डायऑक्साइडची बाटली आणली, पण मारायची कुठे? ज्वाळा दिसतच नव्हती. धूर येत होता भिंतीच्या सांध्यांतून. त्याने भिंतीवर, सांध्यांवर बाटली रिकामी केली आणि दार लावून घेतलं. आग पत्र्यामागे होती आणि मागेच राहिली. विमान सिनसिनाटीला उतरलं, दारं उघडली, बाहेरची हवा आत शिरली आणि एक-दीड मिनिटात सगळी केबिन भडकली. २३ जण गेले. त्यानंतर अमेरिकेत नियम झाले : टॉयलेटमध्ये धुराची सूचना देणारं यंत्र, कचऱ्याच्या डब्यावर आपोआप सुटणारी बाटली, आणि प्रवासी विमानात हॅलॉन १२११ च्या किमान दोन हातबाटल्या. कारण हॅलॉन बाहेर पडताना काही द्रव, काही वायू असतो. धार लांब जाते आणि फटीत शिरून वायू पसरतो. जी आग दिसत नाही तिच्यापर्यंत तो पोचू शकतो.

न दिसणारी आग म्हटलं की मुंबईकराला दुसरं काही आठवूच शकत नाही. १४ एप्रिल. आपण अग्निशमन सेवा दिन पाळतो तो. व्हिक्टोरिया डॉक, १९४४, फोर्ट स्टिकीन हे जहाज. हे माझ्या टिपणात नाही, पण सांगतो. कराचीहून आलेलं जहाज. पोटात सुमारे १४०० टन स्फोटकं, कापसाच्या गासड्या, वर सोन्याच्या विटा. दुपारी धूर दिसला. बंब आले, नळ लागले. ९०० टनांहून जास्त पाणी त्या जहाजात ओतलं. पण आगीचं मूळ कुठे आहे, ते सापडेचना. कापूस आतून धुमसतो. वरून पाणी पडतं, आत तो शांतपणे जळतच असतो. जहाजाची एक बाजू इतकी तापली की रंगाला फोड आले. तिथे पोलाद कापून थेट आगीवर पाणी मारायचं ठरलं, तर कापायचं यंत्र चालेना. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला. मुंबई अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. सोन्याची एक वीट उडून एका पारशी गृहस्थांच्या घरात पडली. त्यांनी ती सरकारला परत केली, ही गोष्ट आमच्या घरी इतक्या वेळा सांगितली जायची की लहानपणी मला वाटायचं स्फोट सोन्याचाच झाला होता. (हशा) समोर मान हलवताहेत त्या आजोबांनी तो आवाज लहानपणी ऐकलेला दिसतो. तुम्ही कुठे होता? गिरगावात? खिडक्या हलल्या? बघा! डोंबिवलीलाही ऐकू आला म्हणताहेत पलीकडचे. आता दोघांत वाद लावून देत नाही.

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवली आहे. वीस मिनिटं राहिली. मी अजून मूळ विषयाला हात घातलेला नाही असंही लिहिलंय, पण ते अन्यायाचं आहे. लपलेली आग हाच मूळ विषय आहे!

कारण हॅलॉनला पर्याय शोधायला जग निघालं, तेव्हा कारखानदार आपापलं रसायन घेऊन आले. प्रत्येकाचं रसायन मोकळ्या परातीतलं पेट्रोल झकास विझवायचं. फोटो छान यायचे. पण परात दिसते, पत्र्यामागची वायर दिसत नाही. अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाचं अटलांटिक सिटीजवळ एक तांत्रिक केंद्र आहे. तिथल्या आणि इतर देशांतल्या मंडळींनी १९९३ मध्ये एक कार्यगट बसवला आणि कुठलं रसायन घ्यावं यावर मत द्यायचं सोडून विचारलं, हॅलॉनकडून आपल्याला नेमकं काय मिळत होतं? उत्तर म्हणून प्रश्नपत्रिका तयार झाली. हातबाटलीची ती किमान कसोटी २००२ मध्ये छापून आली.

तिच्यात दोन प्रश्न आहेत. पहिला लपलेल्या आगीचा. एका मोठ्या पेटीत आडोसे लावून, त्यांच्यामागे हेप्टेनचे छोटे पेटते पेले रांगेने ठेवायचे. बाटलीची धार त्यांच्यावर थेट पडणार नाही अशी सोय. बाटली मारायची आणि किती पेले विझले ते मोजायचे. सौंदर्य पुढेच आहे. सगळे पेले हॅलॉनलाही विझवता येत नाहीत. तो जितके विझवतो तितके विझवा, पास. शंभर टक्क्यांचा हट्ट नाही. दुसरा प्रश्न, पेट्रोल ओतून पेटवलेली तीन आसनांची रांग. आग विझायला हवीच, पण विझवताना जे विषारी वायू तयार होतात, हायड्रोजन फ्लोराइड वगैरे, ते माणसाला सोसतील इतपतच हवेत. बंद नळकांड्यात तीनशे माणसांबरोबर बसून आग विझवायची आहे. आग विझली आणि प्रवासी गुदमरले तर शून्य गुण.

या परीक्षेला बसलेले उमेदवार पटकन सांगतो. एचएफसी, म्हणजे हायड्रोफ्लोरोकार्बन, या जातीचे दोन वायू, एचएफसी-२२७ईए आणि एचएफसी-२३६एफए, उत्तीर्ण झाले. ब्रोमिन नाही, म्हणजे ओझोनला धक्का नाही. पण साखळी तोडणारा गडीच नसल्यामुळे द्रव्य दुपटीच्या आसपास लागतं, बाटली जड होते. शिवाय हवा तापवण्यात हे वायू कार्बन डायऑक्साइडच्या हजारो पट. २०१६ च्या किगाली करारात एचएफसीवरही कात्री आली. ओझोन वाचवायला गेले आणि हवामानाच्या दारात अडकले. ट्रायफ्लोरोआयोडोमीथेन नावाच्या हुशार उमेदवाराला हृदयाचे ठोके बिघडवण्याच्या धोक्यामुळे केबिनबाहेर ठेवावं लागलं.

मग आलं ते २-बीटीपी, पूर्ण नाव ब्रोमोट्रायफ्लोरोप्रोपीन. यात ब्रोमिन परत आहे! सभागृहात ‘अरेच्चा’ ऐकू आलं, योग्यच आहे. पण या रेणूत कार्बन-कार्बन दुहेरी बंध मुद्दाम ठेवलाय. हवेतले हायड्रॉक्सिल कण त्या जागी हल्ला करतात आणि रेणू सुमारे आठवड्याभरात मोडतो. हॅलॉन १२११ हवेत सोळा-एक वर्षं टिकतो, म्हणून वर पोचतो. याला वर जायला वेळच मिळत नाही. ब्रोमिन तोच, पण प्रवासाला मुदत घातलेली. हुशारी आहे, मी नाकारत नाही. रसायनशास्त्रज्ञांना एक टाळी द्या. (टाळ्या) पुरे. वेळ नाही.

कारण याच २-बीटीपीची दुसरी बाजू सांगायची राहिली. सामानाच्या कप्प्यासाठी वेगळी कसोटी असते. तिच्यात बॅगेतला स्प्रेचा डबा तापून फुटतो अशी कल्पना करतात. कप्प्यात हे रसायन पुरेशा प्रमाणापेक्षा कमी असलं तर स्फोटाचा दाब घटायच्या ऐवजी वाढतो, असं अमेरिकेतल्या चाचण्यांत दिसलं. हातबाटलीतला पहिल्या वर्गाचा विद्यार्थी कप्प्यात आगीला हातभार लावतो! म्हणून ‘हॅलॉनला पर्याय सापडला’ अशी बातमी वाचलीत की विचारा, कुठल्या परीक्षेत? हातबाटलीपुरता सापडलाय. सामानाच्या कप्प्यातला १३०१ अजून जागेवरून हललेला नाही.

नियमांचं धावतं सांगतो. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने २०१० मध्ये ठरवलं होतं की २०१६ अखेरीपासून नव्या विमानांत हॅलॉनची हातबाटली नको. ती तारीख ३१ डिसेंबर २०१८ पर्यंत पुढे गेली. पेपर पुढे ढकला म्हणणारे सगळीकडे असतात. युरोपने २०१० च्या नियमात जुन्या विमानांतल्या हातबाटल्यांनाही २०२५ अखेरची मुदत घातली. आता नवं शुक्लकाष्ठ, पीएफएएस, म्हणजे निसर्गात न मोडणारी फ्लोरिनची संयुगं. आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेची २०२१ ची व्याख्या इतकी रुंद आहे की २-बीटीपीसुद्धा तीत बसतं. एका मोठ्या अमेरिकन कंपनीने डिसेंबर २०२२ मध्ये ही संयुगं बनवणंच सोडायचं जाहीर केलं, आणि हॅलॉनला पर्याय म्हणून नावाजलेलं तिचं एक स्वच्छ द्रव्यही त्याबरोबर गेलं.

‘म्हणजे काही उपयोगच नाही का?’ असं मघाशी चहाच्या वेळी एका बाईंनी विचारलं. त्यांना वाटलं मी निराशा वाटायला आलोय. तसं नाही, ताई. रसायनं येतील, जातील. २००२ ची ती कसोटी टिकली. तिच्यामुळे प्रत्येक नव्या पाहुण्याला दारातच विचारता येतं, आडोशामागचे किती पेले विझवतोस? कसोटी नसती तर आपण जाहिरातीवर विश्वास ठेवला असता.

पण माझा राग आहे तोही सांगतो, अध्यक्षांनी घड्याळ दाखवलं तरी. त्या प्रश्नपत्रिकेत हेप्टेन आहे, पेट्रोल आहे. पॉवर बँक नाही. तिच्या वेळी खिशाखिशात लिथियमच्या बॅटऱ्या नव्हत्या. आज केबिनमधली आग म्हणजे बऱ्याचदा आसनाच्या फटीत चिरडलेला फोन किंवा धुमसणारी पॉवर बँक. बाटली ज्वाळा खाली बसवते, पण बॅटरीच्या आतली उष्णता काढत नाही. पुढचा सेल पुन्हा पेटतो. म्हणून बाटलीनंतर पाणी ओतायचं, नसेल तर दारू सोडून कुठलंही पेय. बर्फ मात्र ठेवायचा नाही, तो बॅटरीला झाकून टाकतो आणि उष्णता आतच कोंडते. दारू ‘सोडून’ म्हटलं, नीट ऐका. (हशा)

नव्या हिरव्या रसायनाचे प्रस्ताव रोज निघतात. त्यांना पैसा मिळतो, पुरस्कार मिळतात. आपल्याकडे दिल्लीत संरक्षण संशोधन संस्थेची अग्निसुरक्षेची प्रयोगशाळा आहे, हॅलॉनच्या पर्यायांवर तिथे काम झालेलं आहे. अभियांत्रिकीची मुलं इथे बसली आहेत त्यांना सांगतो : रेणू शोधायला जायचं तर जरूर जा, पण त्याआधी विमानाच्या आसनात दडलेल्या बॅटरीच्या आगीची, पुन्हा पुन्हा तशीच पेटवता येईल अशी एक चाचणी बांधून दाखवा. ती पेटी, तो आडोसा, तो मोजायचा आकडा. त्यासाठी कुणी पुतळा उभारणार नाही, हे मी लिहून देतो.

आणखी एक चिठ्ठी आली. हिच्यावर नुसतं ‘!’ आहे. प्रश्नांना वेळ उरलेला नाही, त्याचा दोष फोर्ट स्टिकीनचा. ज्यांना विचारायचं असेल त्यांनी खाली चहापाशी गाठावं. पॉवर बँक घेऊन आलात तर पाण्याचा ग्लासही घेऊन या.