लोकांचीं मतें वाचतांना
(महोत्सवाच्या सभेंतील भाषण)



देवळाच्या दुरुस्तीविषयीं आम्हीं आपणां सर्वांचीं मतें मागविलीं, त्यास आतां वर्ष होत आलें. चिठ्ठ्यांची पेटी उघडली तेव्हां आमच्या हातून जी चूक झाली, ती आज सांगणें आम्हांस योग्य वाटतें. आम्ही चिठ्ठ्या मोजीत बसलों. "बाक वाढवा" म्हणणारांचा ढीग मोठा, म्हणून बाकांचा प्रश्न मोठा, असा आमचा हिशेब! "मागें कांहीं ऐकूं येत नाहीं," एवढीच ओळ असलेली एक चिठ्ठी आम्हीं किरकोळ म्हणून बाजूस ठेविली. पुढें घरें आशीर्वादावयास गेलों असतां उलगडा झाला. मागचे बाक तर दर रविवारीं रिकामेच राहत; पुढें बसण्याची सारी धडपड उपदेश कानीं पडावा यासाठीं होती. मागणी बाकांची, पण दुखणें आवाजाचें.

यरुशलेमेच्या पहिल्या मंडळींतही कुरकुर झाली होती. रोजच्या वांटणींत ग्रीक बोलणारांच्या विधवांची उपेक्षा होते, अशी ती तक्रार प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायांत नमूद आहे. प्रेषितांनीं तक्रार करणारांचीं डोकीं मोजिलीं नाहींत, त्यांस दटाविलेंही नाहीं. वांटणारे हातच अपुरे आहेत हें त्यांनीं ओळखिलें, आणि मंडळीकडूनच सात जण निवडून घेतले. स्तेफन, फिलिप इत्यादि त्या सातांचीं नांवें पाहा. सारीं ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार, त्यांच्याच हातीं वाढप आलें असें दिसतें.

आपल्या काळांतलेंही पाहूं. पोप फ्रान्सिस यांनीं २०२१ च्या ऑक्टोबरांत आरंभिलेल्या सिनडच्या वेळीं, बिशपांच्या ११४ परिषदांपैकीं ११२ परिषदांनीं आपापल्या लोकांच्या म्हणण्याचे सारांश रोमेस पाठविले. त्यांवरून २०२२ मध्यें जो मसुदा झाला, तो कांहीं निकाल नव्हे. तो पुन्हा स्थानिक मंडळ्यांकडे वाचनासाठीं व अभिप्रायासाठीं धाडण्यांत आला. हीच पायरी आम्हीं गाळिली होती.

आणि ज्यांची चिठ्ठी पेटींत पडलीच नाहीं, ते? पहांटे बाजार गांठणाऱ्या आयाबायांस लिहावयास सवड कोठली?

नवा आराखडा देवळाच्या दारांत लाविला आहे. ज्यांस वाचतां येत नाहीं, त्यांस येत्या रविवारीं मिस्सेनंतर आम्ही स्वतः वाचून दाखवूं. बाकांचें काम तोंवर थांबविलें आहे. सुतार रागावला आहे खरा. त्याची समजूत आम्ही घालूं.