माळेगावच्या माळावरची थंडी
लोहा तालुक्यातल्या माळेगावची खंडोबाची यात्रा मार्गशीर्षात, ऐन थंडीत भरते. कितीतरी भाविक, जनावरांचे व्यापारी उघड्या माळावरच झोपतात. नांदेड-लातूरकडे रात्री हरभऱ्याला पाणी द्यायला गेलेले शेतकरीही असेच उघड्यावर असतात. अंगावर घोंगडी असते, डोकं मात्र उघडं. कान आणि मान झाकेल अशी कानटोपी घाला, वरून रुमाल बांधा. पण तोंड घोंगडीत कोंडू नका. श्वासातली वाफ लोकरीत मुरते आणि पहाटे तीच ओल गारठवते. नाकावर पातळ सुती उपरणं सैल ठेवा, ओलं झालं की बदला. आणि एक कळकळीचं सांगणं: बंद पालात किंवा कोपीत पेटती शेगडी ठेवून झोपू नका. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो; तो झोपेतच जीव घेतो. शेकून झालं की शेगडी बाहेर काढा.