रेशनचं धान्य, खात्यातले पैसे आणि समवृत्ती वक्र

अर्थशास्त्राच्या अध्यापक मित्रमैत्रिणींनो,

वेळ थोडा आहे, म्हणून समवृत्ती वक्रापुरतंच बोलतो.

एजवर्थनं १८८१ मध्ये हा वक्र मांडला, पॅरेटोनं समाधान मोजण्याची अट काढून टाकली आणि १९३४ मध्ये हिक्स-अ‍ॅलन यांनी त्यावर मागणीचा सिद्धांत उभा केला. ग्राहकाला समाधान किती मिळालं हे विचारायचंच नाही. यातलं काय हवं, की दोन्ही सारखंच, एवढंच विचारायचं. ही काटकसर मला आजही मोहवते. वर्गात मात्र तिचं काय होतं? सफरचंद, संत्री, आरंभबिंदूस बहिर्वक्र रेघ, तिला टेकलेली अंदाजपत्रक रेषा, दहा गुण.

मराठवाडा-विदर्भातल्या किती तरी विद्यार्थ्यांच्या घरातच याहून सरस उदाहरण आहे. १४ जिल्ह्यांतल्या केशरी कार्डधारक शेतकरी कुटुंबांना २०१५ पासून माणशी महिना ५ किलो धान्य मिळे, गहू २ रुपये आणि तांदूळ ३ रुपये किलोनं. केंद्राकडून या योजनेसाठी धान्य मिळेनासं झालं, तेव्हा २०२३ मध्ये राज्य सरकारनं त्याऐवजी माणशी १५० रुपये खात्यात भरायचं ठरवलं. पुढे ते १७० झाले. म्हणजे निर्णय झाला तो गोदामामुळे. पसंती कुणी विचारली नव्हती.

पुस्तक म्हणतं, रोख केव्हाही बरी. धान्य हवं तर धान्य घ्या, नको तर तेल घ्या, मुलीची वही घ्या. जुन्या वक्राच्या खाली तर जाणार नाही! पण त्यासाठी त्या पैशांत जुनं धान्य तेवढंच आणता आलं पाहिजे. हिशेब करू. रेशनवर ५ किलोला १० ते १५ रुपये पडत. त्यात १७० मिळवले की हाती १८० ते १८५. म्हणजे बाजारभाव ३६-३७ रुपये किलोच्या आत आहे तोवर पुस्तक बरोबर. भाव ४० झाला की त्याच ५ किलोला २०० रुपये लागतील. घर लगेच खालच्या वक्रावर घसरेलच असं नाही, पण न घसरण्याची हमी गेली. भाववाढीची जोखीम आधी सरकारच्या अंगावर होती, ती शेतकऱ्याच्या अंगावर आली. आकृतीत ती दिसत नाही, कारण आपण किमती स्थिर धरतो. बँकेच्या खेपेचं एसटीभाडं तर सोडाच.

मग लोकांनाच विचारावं? जरूर, पण जपून. कॅनडातल्या जॅक नेच यांनी १९८९ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांच्या एका गटाला कॉफीचा मग दिला, दुसऱ्याला चॉकलेट, आणि अदलाबदलीची मुभा ठेवली. पहिल्यातल्या ८९ टक्क्यांनी मग ठेवला, दुसऱ्यातल्या ९० टक्क्यांनी चॉकलेट. हाती काय आहे त्यावर पसंती ठरत असेल, तर वर्षानुवर्षं धान्य उचललेलं घर ‘धान्यच बरं’ म्हणेल, त्यात गरज किती आणि सवय किती हे वेगळं काढावं लागेल. आपल्या सर्वेक्षणांच्या प्रश्नावल्या एवढी काळजी घेत नाहीत, असं माझं स्पष्ट मत आहे.

म्हणून विनंती करतो. आपापल्या गावच्या किराणा दुकानातला गहू-तांदळाचा भाव विद्यार्थ्यांकडून दरमहा टिपून घ्या. तो ३६-३७ च्या पुढे वर्षातून किती महिने जातो ते पाहा आणि पुढच्या अधिवेशनात निबंध म्हणून आणा. अशा निबंधांसाठी कार्यकारिणीनं एक पूर्ण सत्र राखून ठेवावं.