तारेकडून प्रवाहाकडे



घरातील नित्याच्या वस्तू निरोप घेताना फारसा गाजावाजा करीत नाहीत. पाटा-वरवंटा स्वयंपाकघरातून केव्हा गेला आणि कंदील माळ्यावर केव्हा चढला, हे आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल? गेली तीस-पस्तीस वर्षे खिडकीच्या फटीतून आपल्या दिवाणखान्यात आलेली केबलची काळी तार आज त्याच वाटेने निघाली आहे. महिन्याच्या आरंभी पैसे मागावयास येणारा केबलवाला पुष्कळ घरी येईनासा झाला आहे. पडदा आता इंटरनेटला जोडला गेला असून, हवे ते हवे तेव्हा पाहावयाची सोय झाली आहे. या सोयीला आपण सर्रास ओटीटी म्हणतो. या भाषणापुरते मी तिला प्रवाही प्रसारण म्हणेन; कारण नळाच्या पाण्याप्रमाणे चित्र वाहत येते आणि पाहून झाले की मागे उरत नाही.

या बदलाने आपला लाभ कोणता झाला, आणि विशेषतः महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी कुटुंबाच्या हातून काय निसटण्याचा संभव आहे, याचा थोडा विचार आज करावयाचा आहे.

केबल आली कशी, हे प्रथम आठवू. भारतात दूरचित्रवाणीचा प्रारंभ दिल्लीत 15 सप्टेंबर 1959 रोजी झाला. मुंबईचे केंद्र 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झाले. त्यानंतर कित्येक वर्षे दूरदर्शन हाच दूरचित्रवाणीचा प्रतिशब्द होता. 1991 च्या आरंभी आखाती युद्धाची दृश्ये उपग्रहाच्या तबकड्यांवरून आपल्याकडील काही हॉटेलांत व घरांत दिसू लागली. त्याच वर्षी हाँगकाँगहून स्टार टीव्हीचे प्रक्षेपण सुरू झाले आणि 2 ऑक्टोबर 1992 रोजी झी टीव्हीचा जन्म झाला. मग गल्लोगल्ली कोणी उद्योगी तरुण पुढे आला. त्याने गच्चीवर तबकडी बसवली, झाडांवरून, खांबांवरून, एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर तारा ओढल्या आणि वस्तीला जग दाखवले. परवानगी त्याने कोणाकडे मागितली नव्हती, कारण ती कोणी द्यावयाची हेच ठरलेले नव्हते. कायदा मागाहून, म्हणजे 1995 साली आला. व्यवहार पुढे आणि नियम मागे, हा अनुभव आपल्या देशाला नवा नाही. परंतु इतका मोठा व्यवहार इतक्या लहान माणसांनी उभा केल्याची उदाहरणे थोडीच असतील.

या कायद्यातील एक कलम येथे मुद्दाम सांगण्याजोगे आहे. केबलवर काय दाखवावे हे चालकाच्या मर्जीवर सोडलेले असले, तरी दूरदर्शनच्या वाहिन्या दाखवणे त्याच्यावर बंधनकारक होते. 2000 सालच्या दुरुस्तीने तर दूरदर्शनच्या दोन वाहिन्या आणि प्रादेशिक भाषेतील एक वाहिनी दाखवण्याचे बंधन घातले. व्यवहारात ही प्रादेशिक भाषा त्या त्या राज्याचीच असणार, हे उघड आहे. सार्वजनिक प्रसारणाला प्रत्येक घरात एक आसन राखून ठेवण्याची ही व्यवस्था होती.

या व्यवस्थेत बसत नव्हता तो परप्रांतातील मराठी माणूस. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, तंजावर येथे आपली माणसे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत. दिल्ली, हैदराबाद, बंगळूर येथे नोकरीनिमित्त गेलेल्यांची तर गणतीच नको. या सर्वांच्या घरात कोणती वाहिनी दिसावी, हे त्यांच्या आवडीवर नव्हे, तर शेजाऱ्यांच्या संख्येवर अवलंबून होते. जुन्या पद्धतीच्या केबलमध्ये वाहिन्यांना जागा मोजकीच असे, आणि ती जागा बहुसंख्यांच्या भाषेला मिळावी हे व्यापाराच्या दृष्टीने स्वाभाविकच होते. सरकारी नोकरीत माझ्या बदल्या झाल्या. अशाच एका परप्रांतीय गावी मी केबलवाल्याला विचारले की, एखादी मराठी वाहिनी देता येईल काय? त्याने अगदी आदराने उलट विचारले, "साहेब, तुमची घरे किती?" मी म्हटले, "असतील सात-आठ." तो हसला आणि म्हणाला, "पंचवीस करा, मग बोलू." त्याच्या उत्तरात उद्धटपणा नव्हता. वस्तीचे अंकगणित त्याने मला समजावून सांगितले, इतकेच.

पुढे 2012 पासून टप्प्याटप्प्याने केबल डिजिटल झाली, सेट टॉप बॉक्स आला आणि वाहिन्यांना जागा वाढली. 2019 च्या फेब्रुवारीपासून ट्रायच्या नव्या नियमांनी आपल्याला हव्या त्या वाहिन्या निवडून तेवढ्यांचेच मूल्य देण्याचा हक्क ग्राहकाला मिळाला. अंकगणित सैल झाले खरे. परंतु तोपर्यंत दुसरीच वाट मोकळी झाली होती. 2015 साली हॉटस्टार आले. 2016 च्या जानेवारीत नेटफ्लिक्सने भारतात पाऊल ठेवले, आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात जिओच्या आगमनाने मोबाइलवरील डेटा एकाएकी स्वस्त झाला. परिणाम आकड्यांतही दिसतो. केबलचेच भावंड म्हणजे घरोघरच्या छोट्या तबकडीवरून येणारी डीटीएच सेवा. ट्रायच्या आकडेवारीनुसार तिचे पैसे भरणारे ग्राहक मार्च 2021 मध्ये सुमारे सात कोटी होते, ते मार्च 2024 मध्ये 6 कोटी 20 लाखांच्या आसपास आले.

केबल आणि प्रवाह यांतील भेद केवळ तारेचा नाही. तार तर कित्येकदा तीच असते. कालचा केबलवालाच आज ब्रॉडबँड देतो. भेद आहे तो वाटपाच्या रीतीचा. केबल म्हणजे पंगत. पदार्थ सर्वांच्या पानात एकाच वेळी पडतात, आणि एक पान वाढले म्हणून स्वयंपाक वाढत नाही. प्रवाही प्रसारण म्हणजे ज्याच्या त्याच्यासाठी स्वतंत्र ताट. प्रत्येक पाहणाऱ्याकडे चित्राचा निराळा ओघ पाठवावा लागतो. म्हणूनच उत्तम दर्जाचे चित्र तासभर पाहिले, तर 3 गिगाबाइटपर्यंत डेटा खर्ची पडतो, आणि ज्याच्या मोबाइलला दिवसाकाठी दीड-दोन गिगाबाइटचीच मर्यादा आहे त्याचा चित्रपट मध्यंतराच्या आसपास थांबतो.

या स्वतंत्र ताटाने परप्रांतातील मराठी माणसाचे मोठे दुःख दूर केले, हे मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे. 'तुमची घरे किती?' हा प्रश्नच आता उरला नाही. गुवाहाटीतील एकट्या मराठी कुटुंबाला पुण्यातील कुटुंबाइतकेच मराठी नाटक, चित्रपट, मालिका उपलब्ध आहेत. खुद्द आकाशवाणीचे उदाहरण घ्या. न्यूज ऑन एअर या ॲपवर तिच्या दोनशेहून अधिक सेवा ऐकू येतात, आणि ज्या पुणे केंद्राचा आवाज सह्याद्रीच्या पलीकडे विरून जात असे, तो आता शिलाँगमध्येही स्पष्ट ऐकता येतो. जे काम पंचवीस घरांची अट घालून अडले होते, ते एका घरासाठी होऊ लागले. लोकशाहीत अल्पसंख्याला याहून मोठा दिलासा कोणता?

तथापि, याच ठिकाणी थांबून एक गोष्ट पाहिली पाहिजे. भाषा उपलब्ध असणे निराळे आणि ती कानावर पडणे निराळे. परप्रांतात वाढणारे मूल मराठी शिकते ते पुस्तकातून नव्हे. शाळेत तर ती बहुधा नसतेच. ते शिकते कानावर पडलेल्या बोलण्यातून. आजी मराठी बातम्या ऐकत असे, आई मालिका पाहत असे, आणि कोपऱ्यात गृहपाठ करीत बसलेल्या मुलाच्या कानात, त्याची इच्छा असो वा नसो, मराठी शब्द साठत असत. 'लगबग', 'चुळबुळ', 'हिरमुसणे' हे शब्द शब्दकोशातून कोणी उचलत नाही. ते असेच, दुसऱ्यासाठी चाललेल्या संभाषणातून, आपल्या पदरात पडतात. घरात एकच पडदा असल्यामुळे जी रोजची कुरबुर होत असे, तीच नकळत भाषेची शाळा चालवीत होती.

प्रवाही प्रसारणाने ही कुरबुर मिटवली. आजीच्या हाती तिचा फोन, मुलाच्या हाती त्याचा, आणि बहुधा दोघांच्याही कानात श्रवणिका. घर शांत झाले. परंतु त्या शांततेत कोणाचेच काही कोणाच्या कानावर पडेनासे झाले. त्यात भर म्हणजे पडद्यावर शिफारशी मांडणारी यंत्रणा. तुम्ही काल जे पाहिले त्याच्यासारखेच ती आज पुढे करते. ज्या मुलाने दहा वेळा इंग्रजी व्यंगचित्रे पाहिली, त्याला अकराव्या वेळी मराठी बालनाट्य ती कशाला सुचवील? केबलच्या काळात मराठी वाहिनी नव्हती म्हणून मराठी दुर्लभ होती. आज ती एका बोटाच्या अंतरावर आहे, पण ते बोट उचलले तरच. पूर्वी उणीव होती ती पुरवठ्याची. आता उणीव पडेल ती संकल्पाची.

सामायिक वेळेचेही तसेच. 19 नोव्हेंबर 2023 रोजी क्रिकेटच्या विश्वचषकाचा अंतिम सामना हॉटस्टारवर एका क्षणी 5 कोटी 90 लाख प्रेक्षक एकाच वेळी पाहत होते. एवढा जनसमुदाय इतिहासात क्वचितच एकत्र आला असेल. परंतु तो खरोखर एकत्र होता काय? प्रवाही चित्र प्रत्यक्षाच्या काही सेकंद मागे असते, आणि हे मागे पडणे प्रत्येक घरी सारखे नसते. ज्याने इमारतीत राहून सामना पाहिला आहे त्याला हे ठाऊक आहे की, आपल्या पडद्यावर गोलंदाज धावू लागलेला असतानाच शेजारच्या केबल असलेल्या घरातून आरोळी येते आणि गडी बाद झाल्याचे कळते. एकाच क्षणी सर्वांनी श्वास रोखून धरणे, हा जो सार्वजनिक प्रसारणाचा प्राण, तो येथे किंचित विस्कळीत होतो.

मग करावे काय? केबलची तार पुन्हा ओढा असे कोणी म्हणणार नाही, आणि म्हटले तरी कोणी ऐकणार नाही. परंतु तारेबरोबर जे चांगले होते, ते जाऊ न देण्याचा विचार मात्र करता येईल.

पहिला विचार शासनाने करावयाचा आहे. केबलच्या कायद्याने सार्वजनिक प्रसारणाला प्रत्येक घरात आसन दिले. प्रवाही प्रसारणात तसे आसन कोणी राखून ठेवलेले नाही. नवा टीव्ही लावताच समोर दिसतात त्या मोठ्या खाजगी सेवांच्या खिडक्या. ब्रिटनने 2024 साली आपल्या माध्यमविषयक कायद्यात, इंटरनेटला जोडलेल्या टीव्हीवर सार्वजनिक प्रसारकांच्या सेवा ठळक व सहज सापडतील अशा ठिकाणी असाव्यात, अशी तरतूद केली. प्रसार भारतीने 20 नोव्हेंबर 2024 रोजी गोव्यात 'वेव्ह्ज' ही आपली प्रवाही सेवा सुरू केली असून तीत मराठीही आहे. या सेवेची खिडकी घराच्या दर्शनी भागात असावी की माळ्यावर, याचा निर्णय बाजारावर सोडून चालणार नाही.

दुसरा विचार ज्यांना प्रवाह परवडत नाही किंवा जमत नाही त्यांचा. अनेक सेवांची वर्गणी एकत्र मोजली, तर केबलच्या बिलाहून ती सहज पुढे जाते, आणि वृद्धांना तर परवलीचा शब्द व शोधपेटी हाच मोठा अडथळा असतो. अशा घरांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. दूरदर्शनची फ्री डिश सेवा मासिक वर्गणीवाचून चालते. एकदा तबकडी व पेटी घेतली की सह्याद्री वाहिनी त्यावर देशात कोठेही दिसते. तिला ना पंचवीस घरांची अट, ना डेटाची मर्यादा. आणि ज्यांनी वर्गणी भरली आहे त्यांच्यासाठीही एक सूचना. खात्यातून आपोआप रक्कम वळती होण्यापूर्वी किमान 24 तास आधी तशी पूर्वसूचना मिळाली पाहिजे, असा रिझर्व्ह बँकेचा 1 ऑक्टोबर 2021 पासूनचा नियम आहे. तो संदेश न वाचता पुसून टाकू नये. जी सेवा महिनाभर कोणी उघडली नाही, तिला निरोप देण्याची संधी तोच संदेश देतो.

तिसरा विचार मात्र कोणत्याही शासनाने करावयाचा नाही. तो आपल्या घरात, आपणच करावयाचा आहे. आठवड्यातून एखादी संध्याकाळ अशी असावी की फोन बाजूला आहेत, मोठा पडदा एकच आहे, त्यावर काही मराठी चालले आहे आणि आवाज सर्वांना ऐकू येईल इतका आहे. मुलाने पडद्याकडे पाहिलेच पाहिजे असा आग्रह नको. त्याने कोपऱ्यात बसून चित्र काढावे, गणित सोडवावे, कुरकुर करावी. शब्द आपले काम करतील. पूर्वी हे आपोआप घडत असे. आता ते योजून घडवावे लागेल, इतकाच काय तो फरक. परंतु पुष्कळ घरांत मराठी पुढच्या पिढीपर्यंत पोहोचते की नाही, हे याच फरकावर अवलंबून राहील.